चैत्र-वैशाखातला अन्नपूर्णा बेस कॅम्प : प्रथमच जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी उजाडला की सह्याद्रीत चार-पाच वर्षे भटकंती केलेली मंडळी मला हमखास विचारतात, की नेपाळातला अन्नपूर्णा बेस कॅम्प आम्हाला झेपेल का? झेपेल. वाट मळलेली आहे, मुक्कामाला लॉज आहेत, दोर किंवा बर्फाची कुऱ्हाड लागत नाही, आणि ज्याला हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढता येतो त्याच्या पायांना इथे नवे असे फारसे काही सोसावे लागत नाही. तरीही पहिल्या खेपेला, एका एप्रिलमध्ये, मी वाटेवरच्या देउराली या वस्तीतल्या लॉजमध्ये निवांत नाश्ता करून सकाळी दहा वाजता निघालो आणि दुपारी एकच्या सुमारास गारा, मग बर्फ आणि मग दहा पावलांपलीकडचे काहीही न दाखवणारे ढग अशा क्रमाने सापडलो. पाय दुखत नव्हते, दमही लागलेला नव्हता. चुकली होती ती फक्त वेळ. ही वाट किलोमीटरमध्ये मोजायची नसते, घड्याळात मोजायची असते, आणि पुढची सगळी तयारी त्याच हिशोबाने सांगितली आहे.

१. आधी तिथली हवा समजून घ्या

आपल्याकडे चैत्र-वैशाखात वळीव येतो, तशीच काहीशी गत मार्च ते मे या काळात अन्नपूर्णेच्या दक्षिण अंगाला असते. सकाळी आकाश काचेसारखे स्वच्छ असते. ऊन वर आले की दऱ्या तापतात, दमट हवा उतारांवरून वर सरकू लागते, अकराच्या सुमारास शिखरांच्या कडेला कापसासारखे पुंजके दिसतात आणि दुपारी एक-दोन वाजेपर्यंत गडगडाट सुरू होतो. फरक एवढाच, की आपला वळीव भिजवून जातो आणि तिथला ३००० मीटरच्या वर गारा व बर्फ घेऊन येतो.

या डोंगररांगेत हे अधिक प्रमाणात होण्याला भूगोल कारणीभूत आहे. पोखरा जेमतेम ८२० मीटरवर आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर आठ हजार मीटरची भिंत उभी आहे. मध्ये वारा अडवणारी दुसरी मोठी रांग नाही. पोखऱ्याजवळचे लुम्ले हे नेपाळातले सर्वाधिक पावसाचे ठिकाण मानले जाते, तिथे वर्षाला ५००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि ते आपल्या वाटेच्या अगदी दाराशी आहे. बेस कॅम्पचे खोरे सगळ्या बाजूंनी शिखरांनी वेढलेले असून हिऊंचुली आणि माछापुच्छ्रे यांच्यामधल्या अरुंद घळीतून मोदी खोला ही नदी बाहेर पडते. ढग त्याच घळीतून आत शिरतात. त्यामुळे खाली दोभानच्या वस्तीत ऊन असताना वर बर्फ पडत असणे हे रोजचेच आहे.

मार्चमध्ये लालीगुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) जंगले फुललेली असतात, मात्र वर बर्फ जास्त आणि हिमप्रपाताचा धोकाही जास्त. शिवाय पश्चिमी झंझावात आला की दोन-तीन दिवस सलग हवा बिघडते. मे महिन्यात बर्फ कमी होतो, पण गडगडाट जवळजवळ रोजचा आणि दूरची शिखरे धुरकट. प्रथमच जाणाऱ्याने एप्रिलचा उत्तरार्ध निवडावा असे माझे मत आहे.

मोबाइलवरचे हवामानाचे ॲप पाहताना एक लक्षात ठेवा. शोधात ‘पोखरा’ टाकलेत तर दिसणारे तापमान पोखऱ्याचे आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशोबाने बेस कॅम्प पोखऱ्यापेक्षा सुमारे एकवीस-बावीस अंशांनी थंड असतो. म्हणजे खाली घामाघूम करणारी ३० अंशांची दुपार वर ८-९ अंशांची होते, आणि रात्री पारा शून्याखाली जातो. पाऊस पडणार की नाही यापेक्षा तो किती वाजता सुरू होणार आणि वारा किती असणार हे पाहा.

२. दिवसांचा हिशोब करा आणि दोन दिवस राखून ठेवा

पोखरा ते पोखरा हा ट्रेक सहा दिवसांत उरकणारे गट आहेत. स्वच्छ हवेत ते जमतेही. वसंतात मात्र आठ दिवसांचा आराखडा करून त्यावर दोन दिवस राखीव ठेवावेत. मी पाळतो तो क्रम असा :

पहिला दिवस : पोखऱ्याहून जीपने घान्द्रुक (सुमारे २००० मीटर).
दुसरा दिवस : किमरोंग खोला ओलांडून छोमरोंग (२१७०).
तिसरा दिवस : सिनुवा, बांबू करत दोभान (२६००).
चौथा दिवस : हिमालय नावाच्या वस्तीवरून देउराली (३२३०).
पाचवा दिवस : माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३७००), दुपारपासून विश्रांती.
सहावा दिवस : पहाटे अन्नपूर्णा बेस कॅम्प (४१३०) आणि परत खाली.
सातवा दिवस : झिनू.
आठवा दिवस : पोखरा.

यातला कोणताही दिवस पाच-सहा तासांहून जास्त चालण्याचा नाही, आणि तो तसा मुद्दाम ठेवला आहे. सकाळी सहाला निघालेला माणूस बाराच्या आत छपराखाली असला पाहिजे. वेगवान गट छोमरोंगहून एका दिवसात देउराली गाठतात. त्यांचे शेवटचे दोन तास बहुधा पावसात जातात.

राखीव दिवस न ठेवता परतीचे रेल्वेचे तिकीट काढणे हा आपल्याकडच्या मंडळींचा नेहमीचा सापळा आहे. हवा बिघडली तर ज्याच्याकडे दिवस आहे तो लॉजवर पत्ते खेळत बसतो, आणि ज्याच्याकडे नाही तो चालू लागतो.

३. कागदपत्रे, परवाने, पैसे

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागते आणि ते कोणतेही चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात न्यावे. विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ या वयातल्या प्रवाशांना आधार कार्डावर प्रवेश मिळत नाही, आणि हे विमानतळावर कळणारे लोक दर हंगामात भेटतात.

सोबत ठेवण्याची यादी :

मूळ ओळखपत्र आणि त्याच्या तीन-चार छायाप्रती
पासपोर्ट आकाराची सहा छायाचित्रे (परवाना आणि सिमकार्ड दोन्हींसाठी लागतात)
अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रवेश परवाना
‘टिम्स’ हे ट्रेकरच्या नोंदणीचे कार्ड
विमा पॉलिसीची छापील प्रत, तातडीच्या दूरध्वनी क्रमांकासह
नेहमीच्या औषधांची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी

संरक्षण क्षेत्राच्या परवान्याचे मूळ शुल्क सार्क देशांच्या (भारत धरून) नागरिकांना १००० नेपाळी रुपये आहे, इतर परदेशी नागरिकांना ३०००. परवाना पोखऱ्यातच काढावा. तो न काढता तपासणी नाक्यावर पोहोचल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारी असते, म्हणून शुक्रवारी रात्री पोखऱ्यात पोहोचून शनिवारी पहाटे निघण्याचा बेत करू नये.

१ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांनी नोंदणीकृत संस्थेमार्फत परवानाधारक गाइड घेऊनच जावे असा नियम नेपाळने केला. त्याची अंमलबजावणी किती कडक आहे यावर ट्रेकरांत बरीच चर्चा चालते. माझ्या मते वसंतात ती चर्चाच निरर्थक आहे, कारण देउरालीच्या वर बर्फ कोणत्या घळीतून उतरतो हे ज्याने कालपरवा पाहिले आहे असा माणूस सोबत असणे हीच मुळात गाइडची किंमत आहे.

विमा घेताना पॉलिसीत ट्रेकिंगची उंची निदान ५००० मीटरपर्यंत ग्राह्य आहे का आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च मिळतो का, हे दोन मुद्दे शब्दशः वाचावेत. बऱ्याच पॉलिसींत हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी कंपनीला कळवणे बंधनकारक असते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारनेच बनावट हेलिकॉप्टर बचावांची चौकशी केली होती, तेव्हापासून विमा कंपन्या या बाबतीत अधिकच काटेकोर झाल्या आहेत.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा न्याव्यात, मोठ्या नोटा भारतातच मोडून घ्याव्यात आणि पोखरा सोडण्यापूर्वी सगळ्या दिवसांची नेपाळी रोकड जवळ ठेवावी. वर मोबाइल चार्ज करायला, गरम पाण्याने आंघोळीला, वायफायला असे सगळ्याला वेगळे पैसे मोजावे लागतात. राखीव दोन दिवसांचे पैसेही यातच धरा.

४. सामान : सुती कपडे घरी ठेवा

सह्याद्रीत आपण सुती टी-शर्ट घालून भिजतो आणि तो अंगावरच वाळवतो. ही सवय इथे महाग पडते. भिजलेला सुती कपडा अंगातली उष्णता शोषत राहतो, आणि त्यात वारा लागला की तापमान शून्याच्या वर असतानाही माणूस गारठून पडू शकतो.

अंगाला लागून लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, मुक्कामासाठी पिसांचे किंवा कृत्रिम भरावाचे उबदार जॅकेट, आणि सर्वांत वर खरोखर पाणी अडवणारे, टोपी असलेले जॅकेट व पँट. आपला पावसाळी पॉन्चो खालच्या जंगलात चालतो. वर वारा सुटला की तो डोक्यावर उलटतो आणि पायाखालचे दिसेनासे होते, हे मी माझ्या पॉन्चोवरून सांगतो. पाठपिशवीला कव्हर असले तरी आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यातच सगळे भरावे. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग कोणत्याही परिस्थितीत कोरडी राहिली पाहिजे. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या, कारण पहिली भिजतेच.

एप्रिलमध्ये देउरालीच्या पुढे बुटांना चढवायचे मायक्रोस्पाइक्स (बर्फात रुतणारे धातूचे दाते) आणि बर्फ बुटात जाऊ न देणारे घोट्यावरचे गेटर्स लागण्याची शक्यता धरून चालावे. दोन्ही पोखऱ्यात लेकसाइडला विकत किंवा भाड्याने मिळतात. मात्र बूट भाड्याने घेऊ नका आणि नवेकोरेही आणू नका. निदान तीन-चार सह्याद्री ट्रेक झालेला जोड आणा. ट्रेकिंग पोल, जास्तीच्या सेलसह हेडटॉर्च आणि बर्फावरच्या उन्हासाठी गडद चष्मा विसरू नका.

खाऊ म्हणून चिक्की, खजूर, खारे दाणे उत्तम. चिवड्याचे मोठे डबे नेणाऱ्या एका गटाचा चिवडा दोभानच्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी सादळला होता.

५. पोखऱ्याला पोहोचणे आणि खालचा टप्पा

मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा, आणि पलीकडे भैरहवाहून बसने पोखरा हा स्वस्तातला मार्ग आहे. घाटरस्त्यामुळे बसचा पूर्ण दिवस धरा. काठमांडूला विमानाने उतरून पुढे रस्त्याने येता येते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, तेव्हा सीमा ओलांडताच घड्याळ लावून घ्या, नाहीतर पहाटेची जीप निघून गेलेली असते.

घान्द्रुक ते दोभान हा भाग मुख्यतः पायऱ्यांचा आहे. छोमरोंगहून नदीपर्यंत उतरायचे, झुलता पूल ओलांडायचा आणि पुन्हा तेवढेच सिनुवाला चढायचे, यात उंची फारशी वाढत नाही पण गुडघे आपली नोंद ठेवतात. वाटेत खेचरांचा तांडा आला तर नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहा. दरीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरतो.

छोमरोंगच्या पुढे लॉज मोजकेच आहेत आणि हंगामात ते भरतात. गाइडला आदल्या संध्याकाळीच पुढच्या मुक्कामी फोन करायला सांगा. हा परिसर गुरुंग समाज पवित्र मानतो आणि त्यामुळे वरच्या खोऱ्यात मांस नेत नाहीत. तशीही डाळ-भात-तरकारी पोटभर वाढतात, आणि दुसऱ्यांदा वाढताना पैसे मागत नाहीत.

६. देउराली ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प : इथे घाई करायची ती फक्त पहाटे

संपूर्ण ट्रेकमधला खरा धोक्याचा तुकडा हिंकू गुहेपासून देउरालीच्या वरच्या भागापर्यंत आहे. वाट मोदी खोल्याच्या पश्चिम काठाने जाते आणि तिच्या डोक्यावर हिऊंचुलीचे उतार आहेत. ते उतार खालून दिसत नाहीत. तुमच्या माथ्यावर निळे आकाश आणि ओले कातळ दिसत असतात, आणि त्या कातळांच्या वर साठलेले बर्फ मात्र नजरेआड असते. त्यामुळे ‘बर्फ तर कुठे दिसत नाही’ हा युक्तिवाद इथे निरुपयोगी आहे. १७ जानेवारी २०२० रोजी देउरालीजवळ झालेल्या हिमप्रपातात दक्षिण कोरियाचे चार शिक्षक आणि तीन नेपाळी यांचा बळी गेला.

म्हणून इथले नियम ठरवून पाळावेत.

आदल्या दिवशी किंवा रात्री वर भरपूर बर्फ पडला असेल तर देउरालीतच एक दिवस थांबावे. राखीव दिवस यासाठीच ठेवलेला असतो. आकाश निरभ्र झाले म्हणून निघण्याची ऊर्मी होते. पण ताज्या बर्फावर ऊन पडल्यानंतरचे तास सर्वांत वाईट.

रात्री गोठलेला बर्फ घट्ट असतो. पहाटे पाच ते साडेपाचच्या दरम्यान निघून ऊन उतारांवर पोहोचण्याआधी घळी ओलांडाव्यात. नाश्ता सोबत बांधून घ्यावा.

घळ ओलांडताना एकेकट्याने, अंतर ठेवून, न थांबता जावे. फोटो, पाणी, बुटाची नाडी, सगळे अलीकडे किंवा पलीकडे. आपल्याकडचे गट नेमके इथेच एकमेकांची वाट पाहत घोळक्याने उभे राहतात.

धोका जास्त असला की स्थानिक लोक नदी ओलांडून पूर्वेकडच्या काठाने जाणारी पर्यायी वाट वापरतात. ती वापरायची की नाही हे लॉजवाल्याला आणि गाइडला ठरवू द्या, आणि त्यांनी ‘आज नाही’ म्हटले तर भाव करू नका.

७. उंची : डोकेदुखी लपवू नका

३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा सर्वमान्य संकेत आहे. देउराली ते अन्नपूर्णा बेस कॅम्प हा फरक ९०० मीटरचा आहे, म्हणून मधला मुक्काम मी सक्तीचा मानतो. तिथे दुपारी झोपून न राहता थोडे वर फिरून यावे, पाणी पीत राहावे आणि दारू पूर्ण टाळावी.

डोके दुखणे, मळमळ, जेवण नकोसे होणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना वर जायचे नाही. कमी झाली नाहीत तर खाली उतरायचे. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणे, बरळणे, बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी त्या माणसाला सोबत घेऊन ताबडतोब उतरायला लागा. ॲसिटाझोलामाइड प्रतिबंधक म्हणून घेतात, पण ते घरच्या डॉक्टरांना विचारून, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तर नक्कीच न विचारता घेऊ नये. हेलिकॉप्टरच्या भरवशावर वर राहणे चुकीचे आहे, कारण दुपारच्या ढगांत हेलिकॉप्टरही येत नाही.

८. शिखर-दिवस आणि परतीची वेळ

माछापुच्छ्रे बेस कॅम्पहून पहाटे साडेचारला निघाल्यास दोन तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प येतो. चढ सौम्य आहे, थंडी मात्र सौम्य नाही. सूर्योदयाला अन्नपूर्णा साउथ (७२१९) आणि ८०९१ मीटरच्या मुख्य शिखराची दक्षिण भिंत समोर असते. ही भिंत १९७० मध्ये ब्रिटिश मोहिमेतल्या डॉन व्हिलन्स आणि डूगल हॅस्टन यांनी प्रथम चढली.

तिथून आठ वाजता निघायचेच. नऊपर्यंत माछापुच्छ्रे बेस कॅम्प, आणि थंड, ढगाळ सकाळ असेल व बर्फ कमी असेल तरच पुढे त्याच धोक्याच्या घळींमधून लगेच खाली. ऊन कडक असेल किंवा बर्फ ताजे असेल तर माछापुच्छ्रे बेस कॅम्पलाच दुसरी रात्र काढून दुसऱ्या पहाटे उतरावे. चढताना पहाटेचा नियम पाळणारे लोक उतरताना तो सर्रास मोडतात. घरची ओढ लागलेली असते.

९. वाटेत वादळाने गाठलेच तर

ढग काळे होऊ लागले आणि पुढचा लॉज मागच्यापेक्षा दूर असेल तर मागे फिरा. अंगावरचे भिजण्याआधीच वरचे जॅकेट आणि पँट चढवा; भिजल्यावर चढवण्यात अर्थ नाही. वीज चमकत असेल तर डोंगराच्या उघड्या धारेवरून, एकट्या झाडाखालून आणि पुलांवरून दूर व्हा, पोल बाजूला ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. गटाचा वेग सर्वांत सावकाश माणसाच्या वेगाइतका ठेवा. कोणी थरथरताना बोलणे जड झाले, हाताने जॅकेटची चेन लावता येईना, तर त्याला छपराखाली नेऊन ओले कपडे पूर्ण उतरवा, कोरडे घाला, गोड गरम पेय द्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये याच प्रदेशाच्या उत्तरेकडच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने हिमवादळ झाले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. तो तर एरवी स्थिर हवेचा महिना मानला जातो.

पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११४४ आहे. वरच्या खोऱ्यात मोबाइलचे जाळे भरवशाचे नाही, म्हणून मदत मागायची वेळ आली तर पहिला निरोप जवळच्या लॉजवर द्यावा.

१०. उतरताना

झिनूला नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत आणि तिथे जाण्यासाठी राखून ठेवलेली दुपार सत्कारणी लागते; मात्र कुंडांवरून लॉजपर्यंत परत चढायचे असते, ते अंधारापूर्वी चढा. दुसऱ्या दिवशी मोदी खोल्यावरचा सुमारे पावणेतीनशे मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडला की जीपचा रस्ता लागतो. पाऊस झाला असेल तर तो रस्ता कोसळलेल्या दरडींनी अडलेला असू शकतो आणि तेवढा भाग पायी ओलांडून पलीकडची जीप धरावी लागते. म्हणून पोखऱ्याहून सोनौलीची बस त्याच संध्याकाळची घेऊ नये, दुसऱ्या सकाळची घ्यावी. आणि राखीव दिवस वापरावे लागले नसतील तर ते फेवा तलावाकाठी, ओले बूट उन्हात ठेवून काढावेत.